जुने संगणकीय खेळ आणि क्रियापदांचे आयुष्य

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि ‘अभिजात’ हा शब्द एकाएकी चौकाचौकांतल्या फलकांवर आला. एरवी तो एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेत टीपा लिहिण्यापुरता उरला होता. दर्जाचा आनंद आम्हांसही झाला. परंतु शब्द फलकावर चढला म्हणजे त्याचा अर्थ पातळ होतो, हा अनुभवही जुनाच. त्याच सुमारास आमच्या वर्गातील काही मुले संगणकावरच्या जुन्या खेळांविषयी बोलताना ‘क्लासिक’ हा शब्द सर्रास वापरतात हे आमच्या ध्यानी आले. ‘प्रिन्स’ क्लासिक, ‘टेट्रिस’ क्लासिक, ‘डेव्ह’ही क्लासिक. म्हणजे नेमके काय, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘जुना आहे आणि भारी आहे.’ गंमत अशी की अभिजाततेच्या कित्येक विद्वत्तापूर्ण व्याख्या गाळून घेतल्या तर तळाशी बहुधा एवढेच उरते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. संगणकशास्त्राची पदवी आमच्यापैकी कोणाकडेही नाही. मात्र एखादी कृती आपल्या काळापलीकडे टिकते की नाही, आणि टिकत असेल तर तिच्यातले नेमके काय टिकते, हा प्रश्न आम्ही रोज वर्गात विचारतो. तो खेळांना विचारला तर फारसे बिघडू नये. शिवाय या विषयावर बोलण्याचा थोडा वयपरत्वे अधिकारही आमच्याकडे आहे. नव्वदच्या दशकात महाविद्यालयांत आणि गल्लीबोळांतल्या क्लासांत जे संगणक आले, त्यांवर अधिकृतपणे टंकलेखन आणि अनधिकृतपणे खेळ चालत. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आमच्या पिढीने ज्या निष्ठेने पार केला, त्या निष्ठेने ‘साहित्यदर्पण’ वाचले असते तर आज विभागाची स्थिती वेगळी दिसली असती. असो.

या आठवणींचे मोल आम्ही नाकारत नाही. मूल्यमापनात मात्र त्या बाजूला ठेवाव्या लागतात. स्मरणरंजनाने भारलेला समीक्षक कृतीचे परीक्षण करण्याऐवजी स्वतःच्या सोळाव्या वर्षाचे परीक्षण लिहितो. जुन्या खेळांविषयी जे लिहिले जाते त्यातील पुष्कळसे या जातीचे आहे. उरलेल्या लेखनात एक ठरलेले वाक्य येते: चित्रे जुनी झाली, पण ‘गेमप्ले’ टिकला. हा ‘गेमप्ले’ आमच्या समीक्षेतील ‘आशयघनते’चा सख्खा भाऊ. दोघेही कोठेही बसतात आणि काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी आम्ही आमच्या व्याकरणाच्या तासातला साधा शब्द सुचवतो: क्रियापद.

कादंबरीत कितीही थरार असला तरी वाचक कर्ता नसतो. धावतो, मारतो, रडतो तो नायक. वाचक त्याची क्रियापदे वाचतो. खेळात कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली असते आणि ती वाचकाने भरायची असते. गड, पहारेकरी, राजकन्या ही खेळातली नामे; रंग, रेषा, प्रकाश ही विशेषणे. विशेषणे यंत्राच्या बळावर जगतात आणि नवे यंत्र आले की म्हातारी होतात. नामांवर काळाच्या समजुतींची धूळ बसते. खेळणाऱ्याने करायच्या क्रियेला जर त्या खेळात काही अर्थ असेल, तर ती क्रिया मात्र चाळीस वर्षांनीही तितकीच ताजी राहू शकते. ‘असेल तर’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत, कारण पुष्कळ गाजलेल्या खेळांत तो नसतो.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहू. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने ‘ॲपल टू’ या यंत्रासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने तो प्रकाशित केला. आपल्याकडे पोहोचली ती त्यानंतरची, डॉस प्रणालीवरची आवृत्ती. कथा चार ओळींची आहे. सुलतान युद्धावर गेला असता वजीर जफर सत्ता बळकावतो, राजकन्येला एका तासाची मुदत देतो, विवाह कर नाहीतर मर. आणि तळघरात डांबलेल्या नायकाने त्या एका तासात तिच्यापर्यंत पोहोचायचे. तास म्हणजे खरोखरचा तास, भिंतीवरच्या घड्याळातला. मेलात तर त्या टप्प्याच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचे द्वंद्व गिरवले. हे तपशील रंजक आहेत म्हणून देत नाही; त्यांचा परिणाम क्रियापदावर झाला म्हणून देतो. त्या काळच्या बहुतेक खेळांतील पात्रे सोंगटीसारखी सरकत: कळ दाबली की चालली, सोडली की थांबली. हा राजपुत्र तसा थांबत नाही. धावू लागला की थांबण्यापूर्वी त्याला दोन पावले घसरावे लागते. उडीपूर्वी अंग तोलावे लागते. त्याला वजन आहे. त्यामुळे ‘उडी मारणे’ हा निर्णय ठरतो, आणि तो एक पाऊल आधी घ्यावा लागतो. आमच्या द्वितीय वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना हा खेळ दिला तेव्हा पहिली दहा मिनिटे ते त्याच्या संथपणाला हसत होते. त्यानंतरच्या दहा मिनिटांत खोलीत शांतता होती. कठड्याच्या टोकाशी शिफ्टची कळ दाबून सावध पाऊल टाकताना मुलांनी श्वास रोखलेला आम्ही पाहिला, आणि त्यांच्याकडे या खेळाची एकही आठवण नव्हती.

तरीही केवळ हालचालींच्या जोरावर आम्ही या खेळाला टिकाऊ म्हटले नसते. खरा मुद्दा आरशाचा आहे.

यंत्राची स्मृती इतकी तुटपुंजी होती की राजपुत्राच्या हालचालींची चित्रे साठवल्यावर दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रांना जागाच उरली नाही. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्यावरच उलटी उमटवली आणि एक चमचमती छायाकृती मिळवली. शत्रू हवा होता. फुकटात मिळाला तो नायकाचाच आकार. (पहारेकऱ्यांसाठी जागा पुढे काटकसरीने काढली गेली.) ही अडचणीतून काढलेली वाट होती. परंतु तिचे पुढे काय केले, ते पाहावे. चौथ्या टप्प्यात वाट अडवून एक आरसा उभा राहतो. त्याला वळसा घालता येत नाही. धावत येऊन त्यातून उडी मारावी लागते. उडी मारताच पलीकडच्या बाजूने राजपुत्राची छाया बाहेर पडून पळून जाते आणि राजपुत्राची प्राणशक्ती घटून एका थेंबावर येते. पुढे ही छाया त्याच्या वाटचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार बंद करते. शेवटी, बाराव्या टप्प्यात, ती तलवार उपसून समोर उभी राहते.

तोवर खेळाने आपल्याला एकच धडा घोटून शिकवलेला असतो: समोर तलवार दिसली की तलवार काढा. निःशस्त्र राजपुत्र एका वारात मरतो. त्यामुळे खेळणारा छायेशी लढू लागतो, आणि त्याच्या लक्षात येते की छायेला बसलेला प्रत्येक घाव आपल्यालाही बसतो. तिला मारणे म्हणजे मरणे. सुटका एकच: तलवार म्यान करायची. मग छायाही तलवार म्यान करते. दोघे एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात. त्यानंतर जेथे पोकळी होती तेथे पाऊल टाकताच पायाखाली फरशी उमटते.

द्विरूपाची कल्पना साहित्याला नवी नाही. स्टीव्हन्सनचे जेकिल आणि हाइड १८८६ सालचे आहेत. परंतु जेकिलचे काय होते ते आपण वाचतो; येथे म्यान करण्याची कळ आपल्यालाच दाबावी लागते, तीही जवळजवळ तासाभराच्या (मेलेले प्रयत्न धरून पुष्कळ अधिक) सवयीविरुद्ध. कोणी सांगत नाही, पाटी लागत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने तीनदा मरून चौथ्यांदा तलवार खाली केली आणि ‘अरे, मीच की!’ असे ती मोठ्याने म्हणाली. या उद्गारातला प्रथमपुरुष आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तंत्राची टंचाई येथे अर्थात शिरली आहे. आज स्मृती अमाप आहे म्हणून ती छाया अनावश्यक ठरत नाही, जशी कागद स्वस्त झाला म्हणून ओवी अनावश्यक ठरत नाही.

याच खेळात जे टिकलेले नाही तेही सांगितले पाहिजे. राजकन्या घटकायंत्राशेजारी बसून वाट पाहते. एकदा एक उंदीर मदतीस धाडते, एवढेच तिचे कर्तृत्व. तिला क्रियापद जवळजवळ नाहीच. आणि ‘पर्शिया’ म्हणजे हॉलिवूडने रंगवलेला पूर्व: घुमट, वजीर, तुरुंग, काटे. जफर हे नाव बगदादच्या खलिफा हारून अल-रशीदच्या वजिराचे. अरबी कथांतून आणि चित्रपटांतून फिरत फिरत ते येथे खलनायकाच्या डोक्यावर बसले. एडवर्ड सैदचा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ १९७८ मध्ये येऊन गेला होता, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. आम्ही नव्वदच्या दशकात हे सारे मिटक्या मारीत खेळलो, यात नवल नाही. आमच्यापुरता तो पूर्वही पश्चिमेकडून फ्लॉपीवर आला होता. आजच्या वर्गात हा खेळ ठेवायचा तर या बाजूसह ठेवावा लागेल. नामे जुनी होतात ती अशी.

‘टेट्रिस’विषयी फार लिहिण्यासारखे नाही आणि तेच त्याचे यश आहे. १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात, अलेक्सी पाजितनोव्हने तो लिहिला. हाताशी असलेल्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती म्हणून चौकटी दाखवायला त्याने कंस वापरले. चार चौकोनांचे सात आकार, आणि क्रियापदे दोनच: फिरव, बसव. यात नामच नाही, मग शिळे काय होणार? निन्टेंडोच्या १९८९ च्या आवृत्तीत तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने डिसेंबर २०२३ मध्ये इतकी मजल मारली की आज्ञावलीच कोलमडली. माणसाच्या हातून असे प्रथमच घडल्याची नोंद झाली. चौतीस वर्षांनी खेळाने हात टेकले.

आता आम्हांस, साहित्याच्या मंडळींना, खरोखर जवळचा असा प्रकार. त्यात चित्र नसतेच. पडद्यावर गद्य उमटते, आपण आज्ञा टंकलिखित करायची, उत्तरादाखल पुन्हा गद्य. याचा मूळ पुरुष विल क्राउथर, इंटरनेटचा पूर्वज जो ‘अर्पानेट’ त्यावर काम करणारा प्रोग्रामर आणि केंटकीतील मॅमथ गुहांच्या मोजणीत भाग घेतलेला गुहासंशोधक. सत्तरच्या दशकाच्या मध्यास, घटस्फोटानंतर, आपल्या मुलींना खेळता यावे म्हणून त्याने गुहेतल्या भटकंतीचा शब्दखेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्यावरून स्फूर्ती घेऊन एमआयटीतील काही तरुणांनी ‘झॉर्क’ रचला आणि १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली. या कंपनीने दहा वर्षांत केवळ गद्याच्या आधारे जे खेळ प्रकाशित केले त्यांत क्रियापद अगदी उघडे, लिखित स्वरूपात समोर येते. इंग्रजीत ते सोपे पडते, कारण नामाचे रूप बदलत नाही. मराठीत असा खेळ लिहायचा तर यंत्राला आधी सामान्यरूप शिकवावे लागेल: दिवा घे, दिव्यात तेल घाल, दिव्याखाली पहा. ‘दिवा’ आणि ‘दिव्या’ एकच, हे न समजणारे यंत्र पहिल्याच खोलीत अंधारात बसेल. आमच्यापैकी एकाने भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी हा विषय तीन वर्षे सुचवून पाहिला; अद्याप कोणी घेतलेला नाही. मुलांना दलित आत्मकथने आणि ग्रामीण कादंबरीच हवी असते, तीही ज्यावर आधी प्रबंध झालेले आहेत अशी.

इन्फोकॉमच्या खेळांपैकी ब्रायन मोरिआर्टीचा ‘ट्रिनिटी’ (१९८६) आम्हांस श्रेष्ठ वाटतो. नाव १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत झालेल्या पहिल्या अणुचाचणीचे. खेळ लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानात, तिसरे महायुद्ध सुरू होण्याच्या दिवशी उघडतो. खेळणारा एका अद्भुत प्रदेशात जातो. तेथे प्रचंड कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या आहेत आणि प्रत्येकीत एक दार आहे. प्रत्येक दार एकेका अणुस्फोटाच्या जागी उघडते. त्यांत नागासाकीही आहे. या प्रवासात एका विधीसाठी लागणाऱ्या वस्तू जमवाव्या लागतात आणि त्यांत एक आहे सापसुरळी, मेलेली. ती जिवंत सापडते. हातात येते. मारावी लागते.

येथे खेळ आपणहून काहीही करीत नाही. तो वाट पाहतो. ते क्रियापद तुम्हांला एकेक अक्षर करून उमटवावे लागते आणि मग खालच्या ओळींतले गद्य त्या छोट्या मरणाचा हिशेब तुमच्याच पदरात घालते. लाखोंच्या मृत्यूविषयीच्या कृतीत एका क्षुद्र प्राण्याच्या जिवाने असा पेच निर्माण करावा, आणि ‘मोठ्या कारणासाठी’ हा जो युक्तिवाद अणुबॉम्ब करणाऱ्यांनी केला तोच खेळणाऱ्याच्या तोंडी नकळत यावा, हे नैतिक रचनाकौशल्य आम्हांस अनेक गाजलेल्या युद्धकादंबऱ्यांत आढळलेले नाही. या खेळाला वार्धक्य आलेले नाही.

उलट बाजूस ‘हिचहायकर्स गाइड’ घ्या. १९८४ मध्ये डग्लस ॲडम्सने इन्फोकॉमच्या स्टीव्ह मेरेट्झ्कीबरोबर रचलेला, त्या काळी धडाक्याने खपलेला, आजही विनोदाने हसवणारा. परंतु आरंभी एका कुत्र्याला सँडविच खाऊ घातले नाही तर खेळाच्या पार शेवटाकडे, कित्येक तासांनी, तुमचा घात होतो आणि त्याचे मूळ त्या कुत्र्यात होते हे कळायला मार्ग नसतो. मागे जाऊन दुरुस्तीही करता येत नाही. आरंभापासून खेळावे लागते. काही रसिक याला जुन्या खेळांचा बाणेदारपणा म्हणतात. आम्हांस तो मान्य नाही. ज्या क्रियेचा परिणाम कर्त्याला कळूच शकत नाही ती क्रिया अर्थहीन असते, मग ती कितीही विनोदी असो. यामागे एक व्यवहारही होता: खेळ महाग, म्हणून तो आठवडेच्या आठवडे पुरला पाहिजे, आणि अडलेल्यांसाठी कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या युक्त्यांच्या पुस्तिका विकत असे. विशेष पेन फिरवले की उत्तर उमटे. काठिण्य हे मूल्य नव्हे. ‘प्रिन्स’ही कठीण आहे, पण त्यात आपण का मेलो ते मरतानाच कळते.

‘मिस्ट’ (१९९३) या खेळाबाबत आम्हां दोघांत एकमत नाही. मिलर बंधूंनी निर्मिलेले निर्मनुष्य बेट, सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे, आणि पानावर हात ठेवताच आत ओढून नेणारी पुस्तके. पुस्तक हेच जगाचे दार, ही कल्पना आम्हां दोघांनाही भावली. परंतु त्यातले मुख्य क्रियापद ‘पाहणे’ हे आहे, आणि पाहण्याची नवलाई यंत्राबरोबर सरते. २००० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निर्मात्यांना तो नव्याने घडवावा लागला, हाच एकाच्या मते पुरावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की त्या बेटावरचा एकांत आणि वाऱ्याचा आवाज अजून तसाच आहे. वाद मिटलेला नाही, येथे मिटवण्याचे कारणही नाही.

आता एक गोष्ट, जिच्याकडे जुन्या खेळांचे चाहते काणाडोळा करतात. हे खेळ आज आपण ज्या अनुकरण-प्रणालींवर खेळतो त्यांनी खेळणाऱ्याला एक नवे क्रियापद दिले आहे: कोणत्याही क्षणी खेळ जतन कर, चुकलास की मागे जा. ‘प्रिन्स’ असा खेळला की साठ मिनिटांचा तो तास उरतच नाही, उडी निर्णय राहत नाही आणि आरशाने केलेला घात खरचटण्याइतका होतो. ‘खेळलो, ठीक आहे, पण एवढे काय?’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तो असाच खेळलेला होता. ‘ज्ञानेश्वरी’ सारांशातून वाचून ती साधी वाटली असे म्हणण्यापैकीच हे. मेकनरचाही सहभाग असलेल्या २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये काळ मागे फिरवणे हेच नायकाचे अस्त्र होते, तेथे ते नियमात बसवलेले, वाळूच्या मापाने मोजून दिलेले. बाहेरून चिकटवलेली सोय आणि आतून वाढलेला नियम यांतला हा फरक आहे. अपंगत्वामुळे किंवा वेळेअभावी कोणी ती सोय घेतली तर आमची हरकत नाही. त्या खेळण्यावरून मूळ कृतीचा निवाडा मात्र करू नये.

निवाडा करण्यासाठी कृती हाती हवी, आणि पेच तेथेच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीनुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. मिळवायचे तर जुने यंत्र शोधा, संग्रहालय गाठा किंवा चोरीची प्रत उतरवा. संशोधकांना असे अनुपलब्ध खेळ ग्रंथालयांनी दुरून वापरू द्यावेत, एवढीच सवलत मागितली गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. उद्योगाचा आक्षेप असा की लोक हे खेळ करमणुकीसाठी खेळतील. वाचकाला पुस्तक वाचताना आनंद होईल या भीतीने ग्रंथालयाला कुलूप लावण्याचा हा प्रकार आमच्या तरी ऐकिवात नव्हता.

तेव्हा ‘जुने खेळ टिकले’ असे आपण म्हणतो ते मुख्यतः उरलेल्या तेरा टक्क्यांच्या आणि चोरून जपलेल्यांच्या बळावर. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीच्या कुलपात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा मराठी गद्याचा इतिहास मागे सरकवावा लागला. खेळांची कुलपे याहून अवघड आहेत, कारण येथे लिपी उलगडून भागत नाही, वाचणारे यंत्रही लागते. इन्फोकॉमच्या मंडळींनी यावर १९७९ मध्येच एक तोडगा काढला होता, अर्थात व्यापारी कारणासाठी. त्यांनी खेळ कोणत्याच खऱ्या यंत्रासाठी न लिहिता एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिले आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येक संगणकावर त्या काल्पनिक यंत्राचे सोंग तेवढे वठवले. कंपनी १९८६ मध्ये विकली गेली, १९८९ मध्ये बंद पडली. त्या वेळची खरी यंत्रे भंगारात गेली, कल्पनेतले यंत्र भ्रमणध्वनीवरही चालते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर ‘झॉर्क’च्या तिन्ही भागांची मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टने मुक्त परवान्याखाली खुली केली.

‘प्रिन्स’चे नशीब थोडक्यात वाचले. त्याची ॲपलवरची मूळ आज्ञावली अनेक वर्षे हरवलेली होती. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना (खेळाचे संगीत त्यांचेच) घरातल्या कपाटात एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या. चुंबकीय तबकडी इतकी वर्षे धरते याची खात्री कोणी देत नाही. जाणकारांनी जुनी यंत्रे जुळवून ती वाचली आणि ती सर्वांसाठी खुली झाली. स्वतः खेळ तर जानेवारी २०१५ पासून इंटरनेट अर्काइव्हने डॉसच्या सुमारे २४०० खेळांबरोबर न्याहाळकातच खेळता येईल असा ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ही सारी जमीन निसरडी आहे. आमच्या पिढीजवळच्या प्रतीही काही सोज्ज्वळ नव्हत्या. डॉस आवृत्तीत तर पहिल्या टप्प्यानंतर छापील पुस्तिकेतले अक्षर विचारून त्या अक्षराची कुपी प्यायला लावत. ज्याच्याजवळ पुस्तिका नाही त्याने विष पिऊन मरावे अशी व्यवस्था. आपल्याकडे पोहोचलेल्या बहुतेक प्रतींतून कोणा अज्ञाताने ती व्यवस्था आधीच काढून टाकलेली होती.

आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात मागील वर्षी जुन्या संगणक प्रयोगशाळेचे निर्लेखन झाले. डेडस्टॉक रजिस्टरात फ्लॉप्यांची नोंद ‘निकामी’ अशी होती. त्यांत काय आहे ते लिहिण्यासाठी रकाना नव्हता. भंगारवाल्याच्या टेम्पोतून दोन खोकी आम्ही उतरवून घेतली. बाहेरच्या चिठ्ठ्यांवरून त्यांत काही खेळ, एक मराठी टंकलेखनाची प्रणाली आणि विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या काही आज्ञावल्या असाव्यात असे दिसते. तृतीय वर्षाची चार मुले चालू सत्रात त्यांची यादी करीत आहेत. वाचकांपैकी कोणाकडे सव्वापाच इंची फ्लॉपी वाचणारा, चालू स्थितीतला ड्राइव्ह असल्यास अवश्य कळवावे; नेण्या-आणण्याचा खर्च आम्ही सोसू.